झाडाआडचा माणूस

काचेवरचा रक्ताचा थेंब मोहरीच्या दाण्याएवढा होता, किंबहुना किंचित लहानच. कंदिलातून पडद्यावर पडला की तो लिंबाएवढा होई. तीन इंचांची काच आणि दहा फुटांचा पडदा, म्हणजे चाळीस पट. हे गणित आवडाबाईंनी पहिल्याच वर्षी मांडलं होतं आणि ते आजवर चुकलं नव्हतं. श्रीपादला मात्र लिंबू पुरत नव्हतं. त्याला नारळ हवा होता.

"आक्का, मागच्या ओळींना दिसत नाही," तो म्हणाला.

"डोक्याला खोक पडली की रक्त आधी केसांत मुरतं. एवढं दिसतं हेच फार झालं."

"लोक काय डोकं तपासायला येतात? घाबरायला येतात."

"मग कंदील कशाला हवा? तूच उभा राहा की पडद्यापुढे."

स्वयंपाकघरात कलावती, श्रीपादची बायको, फिसकन हसली आणि लगेच भांडी वाजवू लागली. आवडाबाईंनी कुंचला पुसला आणि थेंब होता तेवढाच ठेवला.

श्रीपाद ओकाचं घर कल्याणात पारनाक्यामागे होतं, आणि त्याच्या जादूच्या कंदिलाचं नाव ठाण्यापासून भिवंडीपर्यंत झालेलं होतं. पितळी नळी, आत घासलेटचा दिवा, पुढे भिंगं, आणि मधल्या खाचेतून एकामागून एक सरकवायच्या रंगवलेल्या काचा. अंधारात पडद्यावर चित्रं उमटत, श्रीपाद बाजूला उभा राहून गोष्ट सांगे, आणि पाच-सहाशे माणसं तोंडाचा आ करून बसत. 'चित्रकार व निवेदक श्रीपाद ओक' असं जाहिरातीत छापलेलं असे. त्यातलं निवेदक तेवढं खरं होतं. काचा रंगवी ती त्याची थोरली बहीण, आवडाबाई. आवडाबाईंचे यजमान दवाखान्यात हॉस्पिटल असिस्टंट होते. रात्री जेवणं झाली की ते बायकोकडून हाडांची चित्रं काढून घेत, सूक्ष्मदर्शकाखाली डासाचा पंख दाखवत, आणि 'दिसतं तेवढंच काढ, वाटतं ते काढू नकोस' असं बजावत. सात वर्षांपूर्वी ते तापाने गेले. त्यांच्यामागे आवडाबाईंकडे राहिलं ते एक भिंग, तीन बारीक कुंचले, वह्यांचा एक गठ्ठा आणि आलवण. केशवपन केलेली ब्राह्मणाची विधवा मागच्या खोलीत बसून खुनाची चित्रं रंगवते हे बाहेर कळलं असतं, तर खेळाला कोणी आलं नसतं, नाहीतर दुपटीने आले असते. श्रीपादला दोन्हींची धास्ती होती.

पहिली तीन वर्षं रामायण-महाभारत झालं. मग श्रीपादने मुंबईत कुठलासा विलायती खेळ पाहिला आणि तो रहस्याच्या नादी लागला. आवडाबाईंना या रहस्यांतली ग्यानबाची मेख दुसऱ्या खेळातच कळली, ती अशी की त्यात कळण्याजोगं काही नसतंच. दुष्ट माणूस पहिल्या काचेवरच ओळखू येतो, कारण तो काळी घोंगडी पांघरतो आणि त्याचा एक डोळा मिटलेला असतो. एका डोळ्याने अंतराचा अंदाज नीट येत नाही, असा माणूस वीस हातांवरून सुरा फेकून नेमका लावील कसा, हे त्यांनी एकदा विचारून पाहिलं होतं. "म्हणूनच तो भयंकर," असं उत्तर मिळालं. विष पोटात गेलं की माणूस पुढच्या काचेवर मेलेला. यजमानांच्या वहीत सोमल खाल्लेल्या एका बाईचे सोळा तास तासागणिक लिहिलेले होते. ते ज्याने वाचलं असेल त्याला हा एका काचेचा मृत्यू पाहून हसूही येऊ नये. महत्त्वाच्या क्षणी वारा दिवा विझवतो. खून झाला की वीज कडाडते, मग महिना कोणताही असो. त्यासाठी पडद्यामागे पत्रा हलवायला एक माणूस ठेवलेला होता.

आणि झाडाआडचा माणूस तर हवाच.

"कुणीतरी बघायला हवं," हा श्रीपादचा नियम. "खून झाला आणि कुणी पाहिलाच नाही, तर त्याची गोष्ट होत नाही."

म्हणून दर खेळात एक झाड, झाडाआड एक पगडी, आणि पगडीखाली दोन वाटोळे डोळे. आवडाबाई हा माणूस चार फटकाऱ्यांत उरकत. इतका निरुपयोगी माणूस त्यांनी दुसरा रंगवला नव्हता. सगळं बघायचं, काडीची मदत करायची नाही, आणि नंतर मात्र सगळ्यांच्या पुढे.

त्या मार्गशीर्षात ठाकुर्लीकडच्या एका मिठागराचा मुकादम उत्तम म्हात्रे खाडीत बुडाला. ठाण्याच्या चेंदणीतल्या इनास नावाच्या ख्रिस्ती नावाड्याच्या होडीतून तो दिवेलागणीला निघाला होता. दोन दिवसांनी तिवरांच्या झुडपांत प्रेत मिळालं, डोक्याला खोक. इनासने सांगितलं, मुकादम प्यायलेला होता, होडीत उभा राहिला, तोल गेला, ओहोटीने ओढून नेला. खोक खडकावर आपटूनही पडते. पण आदल्या आठवड्यात दोघांची बाचाबाची झालेली पाच जणांनी ऐकली होती, तेवढ्यावर इनासला ठाण्याच्या तुरुंगात घातला.

पंधरा दिवसांत श्रीपादचा 'मिठागराचा मारेकरी' तयार. काळी घोंगडी, मिटलेला डोळा, मार्गशीर्षात वीज. सुरुवातीला तो हात वर करून सांगे, "मंडळी, ही सत्यकथा आहे." सत्य इतकंच, की खाडी होती आणि एक माणूस मेला होता. आवडाबाईंनी नाक मुरडलं आणि बावीसच्या बावीस काचा रंगवून दिल्या. नाक मुरडल्याने हात थांबत नाहीत, हे त्यांच्या लक्षात यायला पुढे महिना जावा लागला.

महिन्याने आनंदराव घरी आले. हे रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून, गावातलं वजनदार माणूस. ओसरीवर श्रीपादने पानाचं तबक पुढे केलं. माजघरात दाराआड आवडाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या.

"साक्ष दिली," आनंदराव सुपारी कातरत म्हणाले. "ठाण्याला, मॅजिस्ट्रेटपुढे. तासभर उभा होतो, श्रीपादराव. खुर्ची देत होते, म्हटलं नको."

"कसली साक्ष?"

"त्या म्हात्रेच्या खुनाची. मी पाहिला ना."

श्रीपादच्या हातातलं पान तसंच राहिलं. "हे बोलला नाहीत कधी."

"त्या संध्याकाळी ठाकुर्लीला मेव्हण्याकडे गेलो होतो. खाडीकाठाने परत येताना एक होडी पाहिली, आत दोन माणसं. तेव्हा मनावर घेतलं नाही. मग तुमचा खेळ पाहिला आणि सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं."

"कितीदा पाहिलात?"

"चारदा. दर खेपेला जास्त आठवत गेलं."

सुपातला हात थांबला.

"मी झाडाआड होतो," आनंदरावांचा आवाज खाली आला. श्रीपाद गोष्ट सांगताना जसा येतो अगदी तसा. "त्याने वल्हं असं वर उचललं. वल्ह्याच्या पात्यावर दोन पांढरे पट्टे. लखकन दिसले. पोलिसांनी त्याचं वल्हं कोर्टात आणलं तर नुसतं लाकूड. साहेब म्हणतात, पट्टे कुठे आहेत? मी म्हटलं, खरवडले असणार. गुन्हेगार पुरावा ठेवतो होय? साहेबांनी मान डोलावली, लिहून घेतलं. आता सेशन कोर्टात हाच मुद्दा धरणार म्हणाले."

"अगदी खेळासारखं," श्रीपाद म्हणाला, आणि त्याच्या स्वरात कौतुक होतं.

आवडाबाईंनी सूप खाली ठेवलं. ते दोन पट्टे त्यांचे होते. काळ्या पाण्यावर काळपट वल्हं दिसेना, म्हणून त्यांनी रंग वाळल्यावर सुईने पात्यावर दोन रेघा खरवडल्या होत्या. रंग निघाला की उघड्या काचेतून दिव्याचा उजेड थेट पडद्यावर जातो आणि पांढरा पट्टा दिसतो. कंसाच्या तलवारीवर त्यांच्या अशाच दोन रेघा होत्या, भीमाच्या गदेवरही होत्या. एकच रेघ ओढली तर काच तडकल्यासारखी वाटते, आणि तीन ओढल्या की नक्षी होते, म्हणून दोन. इनासचं वल्हं त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. ते पट्टे जगात एकाच ठिकाणी होते, आणि आनंदरावांनी ते तिथे चारदा पाहिले होते.

सर्वांत किळस याची आली, की आनंदराव खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणारा अडखळतो, जुळवाजुळव करतो. हा गृहस्थ सुपारी कातरत समोर बघून सांगत होता. होडी त्याने लांबून कुठली तरी पाहिली असेल. बाकीचं त्याने अंधारात बसून, शेंगदाणे खात पाहिलं होतं.

पाहुणे गेल्यावर त्यांनी श्रीपादला आत बोलावून रेघांचं सांगितलं. तो खाली बसला.

"तू कोर्टात जाऊन हे सांग," त्या म्हणाल्या.

"काय सांगू? माझा खेळ बघून माणसं साक्षी द्यायला लागली?"

"पट्टे काचेवरचे आहेत, एवढं सांग."

"आणि त्यांनी काच पुढे ठेवली, सुई हातात दिली, म्हणाले काढून दाखवा, तर? मला सरळ रेघ येत नाही आक्का. तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे."

"मग झालं तर. अगं, कोर्ट आहे, वकील आहेत. खरं असेल ते शेवटी बाहेर पडतंच."

"तुझ्या खेळात पडतं. बाविसाव्या काचेवर."

त्याने ते ऐकलं नाही. त्याच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. "एक काच मात्र वाढवायला हवी. साक्षीदार पिंजऱ्यात उभा आहे. झाडाआडचाच चेहरा, तोच. ठाण्याला शनिवारी खेळ आहे, तोवर होईल?"

आवडाबाईंनी काच घेतली, धुतली, वाळवली आणि कोरीच फडताळात ठेवून दिली. शनिवारी ती काच न मिळाल्याबद्दल श्रीपादने पुढे दोन दिवस अबोला धरला. त्याला वाटलं बहीण रुसली आहे.

कलावतीने सगळं ऐकलं होतं. आनंदराव येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी वाती वळताना ती म्हणाली, "वन्सं, तुमच्या मनात काय आहे ते मला कळतंय. तुम्ही यात पडू नका."

"मी काही म्हटलं नाही."

"म्हणूच नका. कोर्टात बाया कोण जातात ते तुम्हाला सांगायला हवं का? माझ्या शकूला आठवं लागलंय. जी बाई खुनाची चित्रं काढते आणि चार पुरुषांत उभी राहून सांगते, तिच्या भाचीला कोण करून घेईल? आणि हे तुम्हाला घरात ठेवतील, पण गाव आम्हाला ठेवील का?"

यातला एक शब्दही खोटा नव्हता. तराजू समोर होता. एका पारड्यात घर, काचा, शकू. दुसऱ्यात चेंदणीचा एक नावाडी, ज्याला त्यांनी पाहिलंही नव्हतं आणि ज्याचा डोळा त्यांनी स्वतःच्या हाताने फोडला होता.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी मागच्या दारी एक बाई येऊन उभी राहिली. लाल चौकड्यांचं लुगडं, गळ्यात क्रूस, पाय धुळीने भरलेले.

"खेल करनारा घरात हाय का? मी इनासची बायको, सेसिलिया."

"नाही. मुंबईला गेलाय."

"आनंदरावाकडं गेलती. त्यानं दार लावलं. म्हंतो, मी डोल्यांनी बगितलं." ती उंबऱ्यापासून दोन हात लांबच उभी होती, कुणी न सांगता. "बाय, आमचं वल्हं माज्या सासऱ्याच्या हातचं हाय. त्याला कदी रंग नाय लावला. रंग लावला त वल्हं हातातून निसटतं. कंच्याबी नावाड्याला इचारा. पन कोरटात नावाडी कोन बसलाय?"

आवडाबाई दाराच्या कडीशी चाळा करत राहिल्या.

"ठान्याला खेल झाला तवापासून माज्या पोरांवर थुकतात. तुमी त्यांच्या घरच्या ना? सांगा त्यांना. माज्या नवऱ्याचे दोनी डोले धड हायत, ते तरी सांगा."

"सांगते," आवडाबाई म्हणाल्या. त्या एका शब्दाची त्यांना इतकी लाज वाटली, की बाई वळून गेल्यावरही त्या दाराशी उभ्याच राहिल्या.

संध्याकाळी त्यांनी कागद घेतला आणि मॅजिस्ट्रेटच्या नावाने पत्र लिहिलं. वल्ह्यावरचे पट्टे हे केवळ कंदिलाच्या काचेवरील असून साक्षीदाराने ते खेळात पाहिले आहेत, वगैरे. अक्षर बदलून लिहिलं. खाली लिहिलं, 'एक हितचिंतक'. मग वाचून पाहिलं, आणि त्यांना जे हसू आलं ते चांगलं नव्हतं. श्रीपादच्या खेळात अशी चिठ्ठी सतराव्या काचेवर यायची आणि न्यायाधीश ती वाचून ताडकन उठायचा. यजमानांकडे दवाखान्यात अशा चिठ्ठ्या महिन्याला दोन-तीन येत, अमक्याने तमक्याला विष घातलं म्हणून. ते त्या चिठ्ठ्यांनी बंब पेटवत. सही नसलेलं सत्य आणि सही नसलेली चहाडी यांतला फरक कागदावरून कळत नाही, असं ते म्हणत.

पत्र चुलीत गेलं. त्यानंतर अकरा दिवस आवडाबाईंनी काहीच केलं नाही. एका पुराणाच्या काचा रंगवल्या, उपास केले, शकूला पाढे शिकवले. ठाण्याहून कोणी आलं की कान तिकडे. वकिलाला काही सुचलं का, आनंदरावांना उपरती झाली का, दुसरा कोणी साक्षीदार निघाला का. बाराव्या दिवशी समुद्राचा निळा रंग खलताना त्यांनी स्वतःला पकडलं. कोणीतरी कागद फडकवत धावत येईल म्हणून त्या वाट बघत होत्या. दोन रहस्यांच्या मधल्या वेळात डाळे खाणाऱ्या ज्या गर्दीला त्यांनी इतकी वर्षं मूर्ख म्हटलं, ती गर्दी निदान गोष्ट खोटी आहे हे धरून बसत होती. त्या तर एका जिवंत माणसाच्या बाबतीत तशाच बघत बसल्या होत्या. असली तिरस्करणीय प्रेक्षक त्यांच्या पाहण्यात दुसरी नव्हती.

तरीही त्या बोलल्या नाहीत. स्वतःचा तिरस्कार करणं हेही बसूनच करता येतं.

खटला सोमवारी होता. रविवारी सकाळी श्रीपाद ओसरीवर कंदिलाची भिंगं पुसत होता, शेजारचे दोघे गप्पांना आले होते. कलावती आतून म्हणाली, "ती ख्रिस्तीण परत आलीय. पुढच्याच दारी." आवडाबाई माजघराच्या दाराशी गेल्या. सेसिलिया अंगणात उभी होती. हातात धुतलेल्या सदऱ्याची घडी होती. उद्या कोर्टात नवऱ्याने घालायचा.

"मना वकिलानी धाडलंय," ती श्रीपादला म्हणाली. "तो बोलतो, आनंदराव खेल बगून बोलतो. खेलवाल्यानी कोरटात येऊन सांगावं, का चित्रातलं वल्हं कसं काडलं. खरं वल्हं बगून काडलं का मनानी. एवडंच."

शेजाऱ्यांनी श्रीपादकडे पाहिलं. श्रीपादने भिंग उजेडात धरून त्यातून पाहिलं, पुन्हा पुसलं.

"माझा खेळ ही सत्यकथा आहे, बाई," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"म्हणजे वल्ह्याला पट्टे होते म्हणून मी पट्टे काढले. होडी चेंदणीच्या बंदरात लागलेली असते. मी जाऊन बघून आलो होतो."

"कदी आलता?"

"आलो होतो. चित्रकार बघितल्याशिवाय काढत नाही." शेजाऱ्यांतला एक मान हलवत होता, त्याने श्रीपादला जोर आला. "तुझ्या वकिलाला सांग, खुशाल बोलाव. विचारलं तर मी शपथेवर हेच सांगेन."

सेसिलियाने सदऱ्याची घडी या हातातून त्या हातात घेतली. ती रडली नाही की ओरडली नाही. नुसती म्हणाली, "मग आमचं संपलं."

आवडाबाईंना श्रीपादचा राग आला नाही. त्याच्या तोंडावर जे होतं ते त्यांच्या ओळखीचं होतं. पडद्याच्या बाजूला उभा राहिला की ते तिथे येई. इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं होतं, की आता त्यालाही चेंदणीचं बंदर दिसत असणार, लागलेली होडी दिसत असणार. आनंदराव एक होते, आता दोन झाले. उद्या दुपारपर्यंत सबंध कोर्टाने ते वल्हं पाहिलेलं असेल.

त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि माजघराचा उंबरा ओलांडून ओसरीवर आल्या. शेजारी गडबडीने उठून उभे राहिले. सात वर्षांत परक्यांपुढे त्या तिथे आल्या नव्हत्या.

"आक्का, आत जा," श्रीपाद हळूच म्हणाला.

"श्रीपाद चेंदणीला गेलेला नाही," त्या सेसिलियाला म्हणाल्या. त्या एकेक शब्द सावकाश उच्चारत होत्या. "त्याला चित्र काढता येत नाही. कधीच येत नव्हतं. या घरातली प्रत्येक काच मी रंगवलेली आहे."

"वन्सं," आतून कलावतीचा आवाज आला.

"आक्का, तुला कळतंय का तू काय बोलतेस?"

"तुझं वल्हं मी पाहिलेलं नाही," आवडाबाई सेसिलियाला सांगत राहिल्या. "तुझा नवराही पाहिलेला नाही. पट्टे मी सुईने खरवडले, उजेड यावा म्हणून. त्यांना हवं तर त्यांच्यापुढे कोऱ्या काचेवर काढून दाखवीन."

सेसिलिया त्यांच्याकडे बघत राहिली. "वकिलाला काय सांगू, बाय?"

"सांग, की उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने मी ठाण्याला येते आहे, आणि साक्ष मी देणार आहे."